हळद, अश्वगंधा, गुळवेल आणि आईची कावीळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ५८ वर्षांच्या, घर सिंहगड रस्त्याला. गुडघ्यांसाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, झोपेसाठी अश्वगंधा आणि सकाळी उपाशीपोटी गुळवेलीचा रस, असं अडीच महिने चालू होतं. पंधरा दिवसांपूर्वी भूक गेली, मळमळ सुरू झाली आणि मग डोळे पिवळे झाले. बिलिरुबिन ४.२, एसजीपीटी ६४०, अल्कलाइन फॉस्फेटेज १४०, आयएनआर १.२. सोनोग्राफी नॉर्मल, कावीळ ए आणि बी निगेटिव्ह. डॉक्टरांनी सगळं हर्बल बंद करायला सांगितलं. ओळखीतले एक वैद्य म्हणतात की नैसर्गिक वस्तूंनी लिव्हरला काही होत नाही, ही साधी व्हायरल कावीळ आहे. कोणाचं ऐकायचं, आणि या गोष्टी परत कधी सुरू करता येतील? वडीलही तोच रस घेतात.

उत्तर:

आधी आजचं बोलू, डॉक्टर आणि वैद्यांचं नंतर बघू. तुमच्या आईंचे आकडे घरी बसून वाट बघण्यासारखे नाहीत. एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त आणि त्याच वेळी बिलिरुबिन दुपटीपेक्षा जास्त, अशी जोडी औषधाने झालेल्या यकृताच्या इजेत दिसली की आम्ही डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसतो. हायमन झिमरमन या अमेरिकन यकृततज्ज्ञाने ही गोष्ट मांडली, म्हणून तिला ‘हाय्ज लॉ’ म्हणतात. असे दहा रुग्ण घेतले, तर त्यांतल्या साधारण एकाचा मृत्यू होतो किंवा यकृत प्रत्यारोपणाची वेळ येते. उरलेले बरे होतात. आयएनआर १.२ आहे म्हणजे यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं अजून नीट बनवतंय, त्यामुळे आई बऱ्या होणाऱ्यांत असण्याचीच शक्यता मोठी आहे. पण तो आकडा त्या दिवसाचा होता. बिलिरुबिन उतरायला लागेपर्यंत आठवड्यातून दोनदा एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) करून घ्या. नुसती एसजीपीटी करून पैसे वाचवू नका.

याचं कारणही सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. एसजीपीटी ६४० वरून २०० वर आली की घरात पेढे यायचे बाकी राहतात. पण एसजीपीटी हे मरणाऱ्या पेशींमधून रक्तात सांडलेलं एन्झाइम आहे. ते दोन कारणांनी उतरतं: इजा थांबली म्हणून, किंवा इजा व्हायला फारशा पेशीच उरल्या नाहीत म्हणून. दुसऱ्या प्रकारात एसजीपीटी खाली येताना बिलिरुबिन आणि आयएनआर वर जात असतात. त्यामुळे तिन्ही आकडे शेजारीशेजारी लिहून ठेवा. आयएनआर १.५ कडे गेला, आई दिवसा झोपून राहायला आणि रात्री टक्क जाग्या राहायला लागल्या, बोलताना घोटाळायला लागल्या, सही वेडीवाकडी यायला लागली, हिरड्यांतून रक्त आलं, तर ओपीडीच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट जा. पुण्यात अशी रुग्णालयं आहेत. नाशिक किंवा सोलापूरहून रात्री रुग्ण घेऊन निघणाऱ्यांना जी घाई करावी लागते ती तुम्हाला नाही, पण म्हणून उशीरही करू नका.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही दिलेल्या यादीत ए आणि बी आहेत, ई नाही. पुण्यात राहून हिपॅटायटिस ई तपासल्याशिवाय हळदीवर किंवा गुळवेलीवर ठपका ठेवायला मी तयार नाही. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ आपल्या भागाला नवी नाही, आणि तिच्यावरचं बरंच संशोधन आपल्याच पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतलं आहे. त्यातून तुमचं घर सिंहगड रस्त्याला. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली तेव्हा त्या पट्ट्यातल्या पाण्याची चर्चा सगळ्या शहराने ऐकली आहे. ई चं चित्र हुबेहूब असंच असतं: आठवडाभर मळमळ, भूक नाही, मग पिवळे डोळे, एसजीपीटी शेकड्यांत किंवा हजारांत, सोनोग्राफी नॉर्मल. अशी गल्लत झालेलीही आहे. अमेरिकेत औषधाने कावीळ झाली म्हणून नोंदवलेल्या रुग्णांचं साठवलेलं रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांतल्या काहींना प्रत्यक्षात ई निघाला. तो तर ई फारसा नसलेला देश. म्हणून उद्याच ई ची आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची, तपासणी करून घ्या. त्याच रक्तात सी, आणि त्याबरोबर प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटली आहे का ते बघणाऱ्या एएनए, एएसएमए, आयजीजी या तपासण्या. ही शेवटची तीन का, ते गुळवेलीच्या ओघात सांगतो.

तेव्हा तुमचे वैद्य ‘व्हायरल असू शकतं’ म्हणतात, एवढ्यापुरते ते बरोबर आहेत. ‘नैसर्गिक वस्तूंनी काही होत नाही’ हे मात्र चूक आहे, आणि ते आयुर्वेदाच्याही विरोधातलं आहे. आपल्या औषध नियमावलीत आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांमधल्या विषारी द्रव्यांची वेगळी अनुसूची आहे. तिच्यात बचनाग, कुचला, बिब्बा, धोतरा, जमालगोटा, पारा, हरताळ ही सगळी मंडळी आहेत, आणि अशी द्रव्यं पोटात घ्यायच्या औषधात असतील तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं लेबलवर छापावं लागतं. ही नावं वैद्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतात. रास्ता पेठेत १९३३ पासून आयुर्वेद महाविद्यालय असलेलं हे शहर आहे. तिथे शिकून नाडी धरणारा वैद्य मात्रा, अनुपान आणि काळ सांगितल्याशिवाय चूर्णाची पुडीसुद्धा देत नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं अशा वैद्यांकडून येतच नाहीत. ती येतात मोबाइलवरच्या जाहिरातीतून, सोसायटीच्या ग्रुपवरून, जिममधल्या ट्रेनरकडून, बागेबाहेरच्या रसवाल्याकडून आणि ‘माझ्या जावेला फरक पडला’ यातून.

आईंच्या तीन गोष्टी एकेक करून बघू.

हळदीवर लोकांचा विश्वास बसत नाही. ‘अहो, आम्ही रोज खातो!’ खाता, बरोबर. पण काय आणि किती खाता ते बघा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हे तिचं मुख्य द्रव्य साधारण तीन टक्के असतं. भाजी-आमटीतून अर्धा चमचा हळद पोटात गेली, तर पन्नासेक मिलिग्रॅमच्या आतच कर्क्युमिन जातं, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. हळद इतकी निरुपद्रवी असण्याचं मोठं कारण तेच आहे. आता कॅप्सूलची बाटली वाचा. ‘९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स, ५०० मिलिग्रॅम’ असं असतं. दिवसाला दोन घेतल्या की ९५० मिलिग्रॅम, म्हणजे स्वयंपाकघराच्या वीसपट. त्यात ‘काळी मिरी अर्कासह’ असं अभिमानाने छापलेलं असतं. मिरीतलं पायपरिन कशासाठी घालतात? बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीसपटीने वाढतं. कंपन्यांनी हा गुण म्हणून उचलला. यकृताच्या बाजूने बघा: जे आतड्याने पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं होतं, ते आता मुद्दाम आत ढकललं जातंय. पायपरिन शरीराची औषधं निकामी करण्याची यंत्रणाही मंदावतं, त्यामुळे सोबतच्या गोळ्यांचंही गणित बदलतं.

हळदीने यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची तपशीलवार नोंद अमेरिकेच्या औषधजन्य यकृत-इजा जाळ्यातल्या तज्ज्ञांनी केली आहे. त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काने इजा होणाऱ्यांतही हाच प्रकार वारंवार दिसला आहे. ‘लाखो लोक घेतात, त्यांना का नाही होत?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. या इजा बहुतांशी मात्रेवर सरळ अवलंबून नसतात. काही थोड्या माणसांची प्रतिकारयंत्रणा एखाद्या रेणूला शत्रू समजते आणि त्या भरात स्वतःच्याच यकृतपेशींवर तुटून पडते. क्षयरोगाच्या गोळ्याही अशाच वागतात: लाखोंना वाचवतात आणि काहींना कावीळ करतात. फरक इतकाच, की क्षयाच्या गोळ्या घेणाऱ्याला आम्ही आधीच सांगतो, डोळे पिवळे झाले तर गोळ्या थांबवून लगेच ये.

अश्वगंधेचं चित्र वेगळं असतं. आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची नोंद २०२० मध्ये झाली. सुरू केल्यापासून दोन ते बारा आठवड्यांत कावीळ, आणि त्याहून त्रासदायक म्हणजे खाज. रात्रभर तळहात-तळपाय ओरबाडत बसणारी खाज. पित्त वाहून नेण्यातच अडथळा येतो, त्यामुळे अल्कलाइन फॉस्फेटेज हे पित्तमार्गाशी जोडलेलं एन्झाइम वर जातं आणि कावीळ महिनोन्‌महिने रेंगाळते. ते पाचही जण बरे झाले. भारतातल्या नोंदी इतक्या सौम्य नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ रुग्णांच्या मालिकेत पाच जणांना आधीपासून यकृताचा जुनाट आजार होता, आणि त्यांतल्या तिघांचा मृत्यू झाला. म्हणजे ज्याचं यकृत आधीच कमकुवत आहे त्याला प्रयोगाची मुभा नाही. आणि आपल्याकडे मधुमेह, सुटलेलं पोट आणि ‘सोनोग्राफीत थोडं फॅटी लिव्हर आलंय, बाकी काही नाही’ अशी माणसं घरटी सापडतात.

गुळवेलीची गोष्ट पुणेकरांना आठवत असेल. कोविडच्या काळात प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी कुंपणावरची गुळवेल तोडून काढा करत होतं. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्ण नोंदवले आणि वाद पेटला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असणार. मग देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण मांडले. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं यायला साधारण दीड महिना लागलेला दिसला, आणि बहुतेकांत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्यासारखं, चित्र होतं. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. जी वनस्पती ‘इम्युनिटी वाढवते’ म्हणून घेतली जाते, ती खरोखर वाढवत असेल, तर स्वतःच्याच शरीरावर उलटू पाहणाऱ्या इम्युनिटीलाही ती चेतवणारच. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, संधिवात, सोरायसिस असलेल्यांनी आणि घरात असा आजार असलेल्यांनी गुळवेलीपासून दूर राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही लिहिलेलं नाही, पण आईंना थायरॉइडची गोळी चालू आहे का, ते बघा.

म्हणूनच एएनए, एएसएमए आणि आयजीजी. पन्नाशी-साठीतल्या बाईला स्वतंत्रपणे ऑटोइम्यून हिपॅटायटिस होऊ शकतो, गुळवेल त्याचा बुरखा काढू शकते, किंवा गुळवेल त्याची नक्कल करू शकते. रक्तावरून हे तिन्ही वेगळे करता येतीलच असं नाही. कधीकधी बायोप्सी करावी लागते, आणि तीही पूर्ण निवाडा करत नाही. कित्येकदा उत्तर काळच देतो: स्टेरॉइड सुरू केली, यकृत शांत झालं, सहा-आठ महिन्यांनी स्टेरॉइड बंद केली आणि यकृत शांतच राहिलं, तर तो औषधाचा प्रताप होता. पुन्हा भडकलं, तर आजार तिचा स्वतःचा.

तिघांपैकी दोषी कोण? आईंच्या आकड्यांवरून थोडा अंदाज करता येतो. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या सोळापट, अल्कलाइन फॉस्फेटेज जेमतेम सव्वापट. पहिल्याला दुसऱ्याने भागलं तर चौदाच्या आसपास येतं. हा भागाकार पाचच्या वर असला तर इजा मुख्यतः यकृतपेशींची, दोनच्या खाली असला तर पित्तमार्गाची. आईंचा पाचच्या बराच वर आहे आणि खाजेचा तुम्ही उल्लेख केलेला नाही. त्यामुळे माझी नजर अश्वगंधेपेक्षा हळद आणि गुळवेलीकडे जास्त जाते. पण हा अंदाज आहे, निकाल नाही. तिन्ही बंदच ठेवायच्या.

बंद केल्यावर काय दिसायला हवं? एसजीपीटी आठ दिवसांत निम्म्यावर आली तर तो औषधाविरुद्धचा भक्कम पुरावा मानतात. महिनाभरात निम्म्यावर आली तरी संशय कायम राहतो. बिलिरुबिन मात्र बंद केल्यावरही आठ-दहा दिवस चढू शकतं, तेवढ्याने घाबरू नका. लघवीचा रंग आधी निवळतो, डोळ्यांचा पिवळेपणा नंतर. याचं कारण असं, की बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो, आणि अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्यच सुमारे तीन आठवड्यांचं आहे. तोपर्यंत भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक ‘अजून पिवळ्याच दिसतायत’ म्हणणार. त्यांना चहा द्या.

नातेवाइकांचा विषय निघालाच आहे, तर कावीळ उतरवण्याचंही बोलून घेऊ. हा प्रश्न माझ्याकडे आला त्याअर्थी तुमच्या घरी कुणीतरी पत्ता आणून दिलाच असेल. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे आणि पाणी पिवळं होतं, यात अपाय काही नाही, फक्त अर्धा दिवस जातो. पण नाकात देवडांगरीचे थेंब घालण्याचा प्रकार मुळीच करू देऊ नका. नाकातून पिवळं पाणी धो-धो वाहतं ते कावीळ बाहेर पडते म्हणून नव्हे, नाकाचा अस्तर-पडदा सोलवटला जातो म्हणून. आणि कुठल्याशा झाडपाल्याची मुळी दुधातून देणारे असतात. ज्या यकृताला एका अनोळखी वनस्पतीने इजा झाली आहे, त्याला दुसरी अनोळखी वनस्पती पाजायची हे मला कधीच समजलेलं नाही. माझ्याकडे आलेल्या सर्वांत वाईट अवस्थेतल्या रुग्णांत अशी साखळी वारंवार दिसते: सप्लिमेंटने कावीळ, काविळीवर जडीबुटी, त्याने कावीळ वाढली म्हणून आणखी जोरदार जडीबुटी.

आमच्या ॲलोपॅथीवाल्यांनाही यात सोडत नाही. कावीळ दिसली की ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली लिहून देण्याची सवय एमबीबीएसपासून एमडीपर्यंत आहे. त्या बाटलीत बहुतेकदा भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा अशा पाच-दहा वनस्पतींचे अर्क असतात. एका हाताने हर्बल बंद करायला सांगायचं आणि दुसऱ्या हाताने हर्बल लिहायचं. आईंच्या प्रिस्क्रिप्शनवर असं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा की हे थांबवलं तर चालेल का. मी तरी थांबवलं असतं.

‘डॉक्टर आयुर्वेदाच्या विरोधात असतात’ असंही मनात येत असेल, म्हणून सांगतो. औषधजन्य यकृत-इजेच्या आपल्या राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदणीत १,२८८ रुग्ण प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत ४६ टक्के इजा क्षयाच्या औषधांनी झालेल्या, म्हणजे आमच्याच. पारंपरिक आणि पूरक औषधांचा वाटा सुमारे १४ टक्के. यकृताला पॅथीशी देणंघेणं नाही. त्या १४ टक्क्यांचं माझं दुखणं वेगळंच आहे: ते रुग्ण उशिरा येतात, कारण जे घेत होते ते औषधच नाही असं त्यांना वाटतं. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ विचारलं की ‘फक्त बीपीची’ असं उत्तर येतं. मग सोबत आलेली सून किंवा लेक हळूच म्हणते, ‘आई, ते सकाळचं?’ आणि पिशवीतून एकेक बाहेर येतं: चूर्ण, रस, थेंब, डब्यातला शेक, बोहरी आळीतून आणलेली पुडी, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीत घेतलेलं कसलंसं मधातलं चाटण. म्हणून डॉक्टरांकडे जाताना यादी लिहून नेऊ नका, डबे-बाटल्याच न्या. बॅच नंबर आणि घटक वाचता आले पाहिजेत. उरलेला माल फेकू नका, तो तपासायला लागू शकतो. लेबलवर नसलेलं काहीही आत असू शकतं. सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामक सापडतात. जिममधल्या ‘हर्बल बूस्टर’मध्ये ॲनाबॉलिक स्टेरॉइड असलं तर विशी-पंचविशीतला मुलगा बिलिरुबिन वीस-पंचवीस आणि अंगभर खाज घेऊन येतो, एसजीपीटी मात्र जेमतेम वाढलेली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, हे २००४ आणि २००८ अशा दोन वेळा प्रसिद्ध झालं आहे.

लेबलवर लायसन्स आहे, मग सुरक्षितच असणार, हाही गैरसमज. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती वस्तू अन्न आहे. आयुषचं लायसन्स असेल तर औषध आहे, पण ग्रंथोक्त कृतीने ग्रंथात सांगितलेल्या उपयोगासाठी बनवलं असेल, तर सुरक्षिततेच्या वेगळ्या चाचण्या मागितल्या जात नाहीत. आणि ९५ टक्के कर्क्युमिन मिरी-अर्कासह, हे कुठल्या ग्रंथात आहे?

याच यादीतली आणखी काही नावं इतर वाचकांसाठी. कोडावर पोटातून घेतली जाणारी बावची यकृताला इजा करू शकते, ती चाटणात असो की गोळीत. वजन कमी करायच्या ग्रीन टी अर्कात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य) गेलं तर एसजीपीटी वाढू शकते, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. कपातला ग्रीन टी खुशाल प्या. मलबारी चिंचेचा, म्हणजे गार्सिनिया कंबोजियाचा अर्कही त्याच माळेतला. आपलं आमसूल त्याच कुळातलं असलं तरी सोलकढी पिणाऱ्यांनी मनावर घेऊ नये. सकाळी बागेबाहेर मिळणारा दुधीचा रस हा यकृतापेक्षा पोटाचा धोका आहे. कडू दुधीतल्या कुकरबिटासिनमुळे रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावल्यावर आयसीएमआरने त्यावर तज्ज्ञ समिती नेमली होती. जिभेला कडू लागला तर तो ग्लास ओतून द्यायचा, ‘कडू म्हणजे गुणकारी’ म्हणत संपवायचा नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: परत कधी सुरू करायचं? यांतलं काहीही कधीच नाही. ‘एकेक करून घेऊन बघू, कशाने झालं ते कळेल’ हा विचार अनेक हुशार माणसांच्या मनात येतो, इंजिनिअरांच्या तर हमखास. प्रतिकारयंत्रणेने एकदा ओळख पटवलेला रेणू दुसऱ्यांदा आला की प्रतिक्रिया आठवड्यांत नव्हे, दिवसांत येते आणि बऱ्याचदा पहिल्यापेक्षा तीव्र असते. तो प्रयोग आम्ही रुग्णालयातही करत नाही. स्वयंपाकातली हळद चालेल. गुडघ्यांसाठी वजन आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. दुखलं तर पॅरासिटामॉलसुद्धा सध्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. झोपेसाठी कावीळ पूर्ण उतरेपर्यंत कुठलीही गोळी नको, कारण झोपेची गोळी आणि यकृत निकामी होण्याची गुंगी बाहेरून सारखीच दिसते.

जेवण साधं पण पोटभर. काविळीला बिनतेलाचं, बिनहळदीचं, नुसतं उकडलेलं खायला घालून आपण आजारी माणसाला आणखी अशक्त करतो. वरण-भात, तूप, भाजी, ताक, अंडं चालत असेल तर अंडं. उसाचा रस घरी काढला तर हरकत नाही, गुऱ्हाळाच्या गाड्यावरचा नको. तिथला बर्फ आणि पाणी बघितलंत तर मी ई ची तपासणी का मागतोय ते कळेल.

ई निगेटिव्ह आला आणि औषधाचा संशय पक्का झाला, तर नोंद करा. तुमचे डॉक्टर करू शकतात, तुम्हीही करू शकता. औषधांच्या दुष्परिणामांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. आयुष औषधांसाठी वेगळी यंत्रणा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेतून चालते. तुमच्या ओळखीच्या वैद्यांना हे दाखवा आणि त्यांनाच नोंद करायची विनंती करा. आयुर्वेद शिकलेल्या माणसाकडून आलेल्या नोंदीला वजन जास्त येतं, आणि ते खरे वैद्य असतील तर नाही म्हणणार नाहीत.

राहिले वडील. त्यांनीही आजपासून रस थांबवावा आणि या आठवड्यात एक एलएफटी करून घ्यावी. एसजीपीटी नॉर्मल आली तर पुन्हा काही करायला नको. पन्नास-साठ आली तर एवढ्यावरून रसाला दोष देता येणार नाही, तेवढी तर नुसत्या फॅटी लिव्हरमध्येही असते. रस बंद ठेवून महिन्याने परत बघा. शंभर-सव्वाशेच्या वर असली तर दोघांचे रिपोर्ट आणि दोघांच्या बाटल्या एकत्र घेऊन या. दोघं एकाच घरातलं पाणीही पितात, त्यामुळे तेव्हा वडिलांचीही ई ची तपासणी करावी लागेल.